एकतिसावं गाव

पंढरीनाथ धोंडू शिगवण याने अमेरिका पाहिली नाही, इंग्लंड पाहिलं नाही आणि दिल्लीही पाहिली नाही. पहिल्या दोन्हींचं त्याला काही वाटत नसे. दिल्लीचं मात्र वाटे, आणि ते त्याने चोवीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. तरी २००६ सालच्या पावसाळ्यात भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात उभं राहून तो अमेरिकेतली तीस शहरं न अडखळता म्हणून दाखवी. बोस्टनपासून सुरुवात, मायामीला शेवट. शाळेत ज्याचे पाढे चौदाच्या पुढे सरकले नाहीत, त्या माणसाची ही करामत.

गाळा हंसाबेनचा. टी-शर्टवर छपाई करण्याचा. लाकडी चौकटीवर ताणलेलं जाळीचं कापड, त्यावर उमटवलेली अक्षरं, वरून शाई ओतायची आणि रबरी पट्टीने एका दमात खाली ओढायची. अक्षर खालच्या शर्टावर उतरतं. ऐकायला सोपं आहे. करून बघा म्हणजे कळेल. पट्टी मध्येच थांबली की शाई साचते, हात हलका पडला की अक्षर अर्धपोटी राहतं. पंढरीनाथचा हात वीस वर्षांत कधी मध्येच थांबला नव्हता. म्हणून तो मास्टर. हंसाबेनचे यजमान गेल्यावर धंदा बसतो की काय अशी वेळ आली होती, तेव्हाही तो सोडून गेला नाही. त्यामुळे बाई त्याच्यावर ओरडत, पण जपून ओरडत.

विलायतेतल्या एका कंपनीचं काम या गाळ्यात येई. ही कंपनी गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मंडळींचे शर्ट बनवून घेई. तिकडे म्हणे कार्यक्रमाला आलेला माणूस जाताना शर्ट विकत घेऊन जातो, आपल्याकडे जत्रेहून पिपाणी आणतात तसा. त्यातच आदल्या वर्षी दोनशे शर्टांची एक चिल्लर ऑर्डर आली होती. बँडचं नाव ‘द वेट मंडेज’. छपाईच्या अक्षरांची फिल्म बनवणाऱ्या दिपेशने अर्थ सांगितला, ओले सोमवार. घड्या घालणाऱ्या शेवंतीबाई कडक सोमवार करणाऱ्या. शंकराच्या वारी ओलं कसलं करतात मेले, म्हणून त्यांनी तो गठ्ठा नाक मुरडतच बांधला.

पण दोनशेचे दोन हजार झाले, दोन हजारांचे सहा. चार पोरं होती ती, उत्तर इंग्लंडातल्या कुठल्याशा बंदराच्या गावची, विशी-बाविशीतली. पहिली रेकॉर्ड अजून बाजारात यायची होती, तर तिकडच्या पेपरवाल्यांनी त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवून ठेवलं होतं. दहा वर्षांत असा बँड झाला नाही, असं एका साप्ताहिकाने लिहिलं. दुसऱ्याने वीस वर्षांत म्हटलं. दिपेश इंटरनेटवर वाची आणि जेवणाच्या सुट्टीत सांगे. बाकीचे डब्यात लक्ष घालत. पंढरीनाथ मात्र घास हातात धरून ऐकत बसे.

घरी त्याने ही गोष्ट काढली तेव्हा बायको सुगंधा म्हणाली की, छापतो त्या प्रत्येक बनियनवाल्याची चौकशी करायची तर आयुष्य पुरायचं नाही. तिचं बरोबर होतं. पण मुलगी स्वप्नाली कॉलेजात होती आणि बापाचं हे नवं खूळ तिला आवडलं. एका रविवारी ती त्याला मीरा रोड स्टेशनाजवळच्या सायबर कॅफेत घेऊन गेली. बँडच्या पानावर एक गाणं होतं. ते उतरायला वीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात पंढरीनाथने त्या चौघांचे फोटो पाहून घेतले. चारही पोरांना जेवणाची गरज आहे, असं त्याचं मत पडलं.

मग तिने हेडफोन त्याच्या कानावर बसवला. पहिल्यांदा त्याला वाटलं, गाणाऱ्याला पडसं झालंय. शब्द तर एक कळेना. त्याने पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्या वेळी त्याने डोळे मिटले. गाण्याच्या मध्यावर एक जागा होती. तिथे सगळी वाद्यं गप्प होत, एकटा गाणारा राही, आणि त्याचा आवाज थोडा थरथरे. मग ड्रमवाला अगदी हलक्या हाताने परत येई. घाई न करता, गड्या मी आहे हं, असं सांगितल्यासारखा.

“हा ढोलकीवाला त्याची वाट बघतोय,” पंढरीनाथ म्हणाला.

स्वप्नालीला वाटलं, पप्पांना गाणं आवडलं. पप्पांना त्या क्षणी सदू आठवला होता.

आता हे सांगायलाच हवं. लालबागच्या एका चाळीत बावीस वर्षांचा पंढरीनाथ बँजो वाजवी आणि सदू कळंबटे ढोलकी. दोघे एकाच तालुक्याचे, एकाच खोलीत राहणारे, एका ताटात जेवणारे. आणखी चौघे मिळून त्यांची ‘नवतरुण बँजो पार्टी’. मिरवणुकीत ती वाजायला लागली की म्हातारे गॅलरीतून खाली उतरत. संध्याकाळच्या एका पेपरात त्यांचं नाव छापून आलं, ‘मुंबई गाजवणारे सहा तरुण’. मुंबई कसली, लालबाग-परळ. पण छापून आलं की माणसाला ते खरं वाटतं. तोच पेपर वाचून एक कंत्राटदार आला. गणेशोत्सवात बाहेरच्या मुलखातली महाराष्ट्र मंडळं कार्यक्रम ठेवतात. त्याने नऊ गावं ठरवून आणली. सुरत, बडोदा, रतलाम, इंदूर, देवास, भोपाळ, झाशी, ग्वाल्हेर आणि शेवटी दिल्ली. दिल्लीत वाजवून आलो की मग काय, असं सगळे म्हणत. मग काय, ते कुणालाच माहीत नव्हतं.

एकच अडचण होती. कोकणातला माणूस गणपतीला घरी जातो. नोकरी सोडून जातो, कर्ज काढून जातो, पण जातो. पंढरीनाथने त्या वर्षी प्रथमच बापाला पत्र टाकलं की येत नाही. बापाकडून उत्तर आलं नाही.

सुरतेला लोक नाचले. बडोद्याला ऐकून घेतलं. रतलामला पाऊस पडला. इंदूरला एका शाळेच्या सभागृहात कार्यक्रम होता. खुर्च्या मांडलेल्या. बँजो पार्टी रस्त्यावरची चीज. खुर्चीत बसून, हाताची घडी घालून तिचं काय ऐकायचं? शंभर खुर्च्यांत वीस माणसं, तीही मागे. पुढच्या दोन ओळी सबंध रिकाम्या. पंढरीनाथ दोन तास त्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघत वाजवत राहिला, आणि डोक्यात एकच चाललं होतं, आता घरी आरतीला कोण उभं असेल, झांज कोणाच्या हातात असेल. एका जागी त्याची बोटं चुकली. सदूने ताल धरून ठेवला, वाट पाहिली, आणि त्याला सावरून परत आत घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंढरीनाथने सांगितलं, तार आलीय, बाप आजारी आहे. सगळ्यांनी त्याला स्टेशनवर पोचवलं. सदूने स्वतःची शाल दिली. तारबीर काही आली नव्हती. दोन दिवस प्रवास करून तो गावी पोचला, तेव्हा गौरी-गणपती नदीवर पोचवून लोक परत येत होते. मखरात नुसता पाट होता आणि त्यावर थोडे तांदूळ. ठणठणीत बाप ओसरीवर बसून म्हणाला, आलास होय. ना दिल्ली मिळाली, ना गणपती.

पार्टी भोपाळपर्यंत कशीबशी गेली आणि तिथून परतली. त्यानंतर ती कधी वाजली नाही. पंढरीनाथने लालबाग सोडलं, मग छपाई शिकला, भाईंदरला आला, संसार झाला. बँजो माळ्यावर गेला. सदू नऊ वर्षांपूर्वी काशीगावात राहायला आल्याचं त्याला कळलं होतं. गाववाल्यांच्या मंडळाच्या बैठकीत एकदा तो दिसलाही. पंढरीनाथ चप्पल शोधायच्या मिषाने बाहेर पडला. काशीगाव रिक्षाने वीस मिनिटांवर. दिल्ली लांब होती असं तरी म्हणता येत होतं.

म्हणून अमेरिकेची ऑर्डर आली तेव्हा त्याला झालेला आनंद गाळ्यातल्या कुणालाच समजला नाही. तीन हजार शर्ट. पुढे एका ओल्या छत्रीचं चित्र, पाठीवर तीस शहरं आणि प्रत्येकापुढे तारीख. हंसाबेन बजावून गेल्या, “मास्टर, ये अमेरिका का माल है. एक पीस भी रिजेक्ट आया ना, तो अपना नाम खराब.” पंढरीनाथने दुसऱ्याच कारणासाठी मान हलवली. ही पोरं तीस गावं करणार होती. कुणीतरी शेवटच्या गावापर्यंत पोचलं पाहिजे, एवढंच त्याला हवं होतं. मग तो कोण, कुठला, काय गातो, हे गेलं खड्ड्यात.

पहिला शर्ट टेबलावर चढवण्यापूर्वी त्याने नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. गावच्या देवळात गुरव घालतो तसं, खड्या आवाजात. बा देवा महाराजा, ही चार लेकरं परमुलखात निघालीत, वाटेत कायेक वाकडं असेल तर सरळ कर, अर्ध्या वाटेवरनं कुणाची पावलं मागे फिरवू नको. शेवंतीबाईंनी आणि बाकीच्यांनी सवयीने ‘होय महाराजा’ म्हटलं. दिपेश सोडून कुणालाच कळलं नाही की देवाला साकडं ओल्या सोमवारांसाठी घातलंय.

गाऱ्हाणं घालून झालं तरी त्याच्या मनाला एक गोष्ट खात होती. शहरं तीस. पूर्ण तीस. आपल्यात कुणी शंभराचा आहेर करत नाही, एकशे एकाचा करतो. पन्नास देत नाही, एक्कावन्न देतो. शून्यावर आणून गोष्ट बंद करू नये, पुढे काहीतरी शिल्लक राहावं, ही साधी रीत आहे. विलायतेच्या लोकांना कोण शिकवणार? फिल्म तयार होत होती तेव्हाच त्याने दिपेशच्या कानात सांगितलं होतं, मायामीच्या खाली आणखी एक ओळ घाल. एकच शर्ट, माझ्यापुरता. दिपेशने विचारलं, कोणतं शहर. पंढरीनाथने क्षणभर मनात दिल्ली म्हणून पाहिलं, आणि तोंडातून निघालं, भाईंदर.

“डेट काय टाकू, मास्टर?”

“डेट नको टाकू.”

पहिला शर्ट एकतीस गावांचा निघाला. तो त्याने घडी घालून डब्याच्या पिशवीत ठेवला आणि चौकटीवरच्या शेवटच्या ओळीवर चिकटपट्टी लावून ती झाकली. पुढचे सगळे शर्ट तीसच गावांचे निघणार होते. आता, अशी पट्टी शाईच्या थिनरने सैल होते, दर दोन-तीनशे छाप्यांनी ती बदलावी लागते, हे या धंद्यातल्या पोरासोरालाही ठाऊक असतं. वीस वर्षांच्या मास्टरला ते ठाऊक नव्हतं असं कुणी म्हटलं तर म्हणो बापडं. पट्टी केव्हा सुटली ते त्याने पाहिलं नाही, एवढं खरं. तो शहरं म्हणत रबरी पट्टी ओढत होता. चौकट धुवायला काढली तेव्हा खालची ओळ उघडी होती. तोवर खोकी बांधून टेम्पोत चढली होती आणि टेम्पो हायवेला लागला होता.

त्याने हंसाबेनना सांगितलं नाही. सांगायचं ठरवून दोनदा त्यांच्या केबिनपाशी गेला आणि दोनदा शाईच्या डब्यांचं काहीतरी बोलून परत आला. ही त्याची जुनी खोड होती, हे आपल्याला आता माहीत आहे.

सप्टेंबरच्या मध्याला दौरा सुरू झाला. स्वप्नाली आठवड्यातून दोनदा सायबर कॅफेत जाऊन बातमी आणी. बोस्टन फुल्ल. न्यूयॉर्क फुल्ल, लोक बाहेर उभे. पंढरीनाथ जेवताना एक पोळी जास्त घेऊ लागला. फिलाडेल्फिया बरं. मग बातम्या बारीक होत गेल्या. क्लीव्हलँडला सहाशेच्या हॉलमध्ये साठ माणसं. कुणी लिहिलं, एवढा गाजावाजा कशासाठी होता? कुणी लिहिलं, इंग्लंडच्या पेपरांनी इंग्लंडलाच फसवावं, आम्हाला कशाला? एका माणसाने शिकागोचा फोटो चढवला होता. स्वप्नालीने तो छापून आणला. स्टेजवर चार पोरं, आणि समोर मोकळी फरशी. तिकडे खुर्च्या नसतात, लोक उभे राहतात. ते उभे होते पार मागे, भिंतीला टेकून.

पंढरीनाथने तो कागद बराच वेळ हातात धरला. गाणारा पोरगा त्या मोकळ्या जागेकडे बघत होता. ते बघणं त्याच्या ओळखीचं होतं. तो रात्री नीट झोपला नाही आणि सकाळी गाळ्यात जाण्यापूर्वी, आंघोळ करून, त्याने पुन्हा एकदा देवाला आठवण करून दिली.

देवाने काही ऐकलं नाही. दसऱ्याच्या आठवड्यात बातमी आली. ओमाहा नावाच्या अकराव्या गावी कार्यक्रम करून गाणारा पोरगा दुसऱ्या दिवशी विमानाने घरी निघून गेला. आई आजारी आहे, असं सांगून. बाकीचे तिघे चार दिवस हॉटेलात बसून होते. मग उरलेली एकोणीस गावं रद्द झाली.

रविवारी तो स्वतः स्वप्नालीबरोबर गेला. बँडच्या पानावर लोक त्या पोराला शिव्या घालत होते. भित्रा, दगलबाज, आणखी काय काय. थोडे त्याच्या आईला आराम पडो म्हणणारेही होते. स्वप्नाली वाचून मराठीत सांगत होती. तिलाही वाईट वाटलं होतं. पप्पांचा एवढा जीव अडकला होता म्हणून. ती म्हणाली की बिचाऱ्याची आईच आजारी, तो तरी काय करणार.

“आई आजारी नाहीये त्याची,” पंढरीनाथ म्हणाला.

स्वप्नालीने विचारलं, हे कुठे लिहिलंय. तो म्हणाला, लिहिलेलं नाही. मग त्याने तिला विचारलं, आपण इथे काही लिहू शकतो का? लिहू शकतो म्हणाली. त्याने विचार केला, शब्द जुळवले, आणि ती इंग्रजीत टाइप करत गेली.

“लिही: बाळा, घरी पोचलास, बरं झालं. पण तुझ्या ड्रमवाल्याला खरं सांग. आत्ता सांग. आता तो फार तर दोन शिव्या देईल. उशीर केलास की तो शिव्याही देणार नाही, आणि मग तुला तोंड लपवून चपला शोधाव्या लागतील.”

स्वप्नालीची बोटं थांबली. चपलांचं काय, तिने विचारलं. पंढरीनाथ पडद्याकडेच बघत होता. त्याला लाज वाटली, भर कॅफेत रडू आलं, आणि त्या अर्ध्या तासाच्या पैशांत त्याने पोरीला इंदूर सांगून टाकलं. शेवटी ती एवढंच म्हणाली की, पप्पा, पत्र बरोबर आहे, पण पत्ता चुकलाय.

तरी तो गेला नाही. माणूस असा लगेच जात नसतो. दिवाळी आली, फराळ झाला, दिवाळी गेली. आणि मग एके सकाळी हंसाबेननी केबिनमध्ये बोलावलं. हातात विलायतेहून आलेल्या मेलचा कागद होता. त्यांनी तो टेबलावर आपटला.

“ये भायंदर अमेरिका में कब से आया, मास्टर?”

पंढरीनाथने सगळं कबूल केलं, पट्टीसकट. बाई तोंडाला येईल ते बोलल्या, गुजरातीत बोलल्या, दिवंगत यजमानांना साक्षीला काढलं. बोलून दमल्यावर कागद त्याच्याकडे सरकवला. कंपनीची तक्रार नव्हती. चारेकशे शर्टांवर ती ओळ निघाली होती आणि शर्ट विकणाऱ्याला दौरा रद्द झाल्यावरच ती दिसली. पण ड्रम वाजवणाऱ्या पोराने कंपनीमार्फत एक प्रश्न विचारला होता. सगळ्या गावांच्या तारखा गेल्या, या एका गावाला तारीखच नाही. हे गाव कुठे आहे, आणि आमचा कार्यक्रम कधी आहे? पोरगा थट्टा करत होता हे उघड होतं. पण पंढरीनाथला त्या थट्टेमागचा आवाज ऐकू आला. गाणारा निघून गेला तरी हा अजून ताल धरून बसला होता.

हंसाबेन म्हणाल्या, जवाब तुम ही दो.

त्याच रविवारी सकाळी तो माळ्यावरून बँजो काढून, पुसून, एकतीस गावांचा शर्ट पिशवीत घालून काशीगावात गेला. सदू एका सोसायटीत वॉचमन होता. रविवार त्याच्या सुट्टीचा. बाहेर मोरीपाशी दाढी करत बसला होता. केस सगळे पांढरे. त्याने आरशातूनच पाहिलं आणि वस्तरा खाली ठेवला नाही. त्याची बायको मंदा बाहेर आली. पाहुणा कोण हे तिला माहीत नव्हतं, म्हणून तिने बसायला स्टूल दिलं.

पंढरीनाथ बसला नाही. वाटेत जुळवलेली वाक्यं सगळी पळून गेली होती.

“सदू, इंदूरला तार आली नव्हती.”

सदूने एक गाल पुरा केला. “म्हायत हाय.”

“म्हायत हाय?”

“धर्मशाळेच्या मॅनेजरला त्याच दिवशी इचारला. तुला स्टेशनवर सोडून आल्यावर.” त्याने वस्तरा पाण्यात बुडवला. “तू सांगशील म्हणून गप ऱ्हायलो. आज सांगल, उद्या सांगल. चोवीस वर्सं झाली, पंढ्या.”

मग सदू पुढचं सांगू लागला, पण पंढरीनाथकडे न बघता. देवासला बँजोशिवाय काय वाजवायचं, म्हणून सगळे गाडीत बसायला निघाले होते. सदू एकटा ढोलकी घेऊन बसला. अर्धा तास वाजवलं. मंडळाच्या एका म्हातारीने येऊन त्याच्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाली, तुझा जोडीदार येईल हो. भोपाळला मात्र मंडळवाल्यांनी हात जोडले. दिल्लीचं स्टेशनसुद्धा कुणी पाहिलं नाही. सदू हे सगळं रागाने सांगत नव्हता. रागाने सांगितलं असतं तर पंढरीनाथला सोपं गेलं असतं.

मग त्याने पिशवीतून शर्ट काढून दिला आणि ओल्या सोमवारांची सगळी हकिगत सांगितली. सदूने शर्ट पालथा केला, लांब धरला, जवळ धरला, ओळीवरून बोट फिरवत खालपर्यंत आला.

“ह्या गावाला तारीख नाय टाकलीस.”

“नाय.”

सदूने मंदाला भिंतीवरचं कॅलेंडर आणायला सांगितलं. पानं उलटत तो शेवटी छापलेल्या पुढच्या वर्षीच्या सणांच्या यादीवर आला आणि जानेवारीतल्या एका दिवसावर बोट ठेवलं. माघी गणपती. वाडीत मंडप पडतो, पोरं सीडी लावतात, त्यापेक्षा आपण बसू.

“पण मधनं उठायचा नाय,” सदू म्हणाला.

ड्रमवाल्या पोराला स्वप्नालीने उत्तर पाठवलं: भाईंदरजवळ काशीगाव, माघी गणेश चतुर्थी, संध्याकाळी पाच, वाद्यं इथे मिळतील, जेवण आमच्याकडे. तिकडून काही आलं नाही. येणार नव्हतंच, कोणी ओळखीचं ना पाळखीचं. पण माघी गणपतीच्या दुपारी मंडपात खुर्च्या मांडत असताना पंढरीनाथने पुढच्या ओळीतल्या मधल्या चार खुर्च्यांवर उपरणं टाकून त्या अडवून ठेवल्या. वाडीतली पोरं बसायला आली तर त्याने उठवलं. सदू ढोलकीची दोरी आवळत ते बघत होता.

पाच वाजता सुरू झालं. पंढरीनाथची बोटं जड झाली होती आणि बँजोच्या दोन तारा नव्या असल्यामुळे उतरत होत्या. एका जागी तो चुकला. सदूने ताल धरून ठेवला, वाट पाहिली, हलकेच परत आत घेतलं. बायका हसल्या, पोरं नाचली, सुगंधाने मंदाशी ओळख काढली, हंसाबेन मोदक घेऊन गेल्या. समोर त्या चार खुर्च्या शेवटपर्यंत रिकाम्या होत्या. पंढरीनाथ त्यांच्याकडे बघत वाजवत होता. मध्ये दोनदा त्याची नजर हायवेकडून येणाऱ्या रस्त्यावर गेली.

आरतीला सगळे उभे राहिले तेव्हा कुठे तो जागेवरून उठला.